सोवळ्यातली नळी

"तुमचं मशीन खोटं बोलतंय, बाई."

ना रामराम, ना ओळख. दारात उभ्या राहिलेल्या त्या बाईनं थेट हेच म्हटलं. मे महिन्यातला शनिवार, सकाळचे दहा वाजलेले. मी नोंदवहीत मान घालून बसले होते. माझ्या डोक्याला तापायला उन्हाची गरज लागत नाही, हे आमच्या घरात कुणालाही विचारा. त्यात मी त्या यंत्रावर चार वर्षं काढलेली. त्याला कुणी खोटं म्हटलं की मला माझ्या पोराला शिवी दिल्यासारखं वाटायचं.

"कोण तुम्ही?" मी विचारलं.

"हौसाबाई वायदंडे. औषधाच्या कारखान्यात भरण खात्याला हाय. मागल्या पंधरवड्यात तुम्हीच न्हवं का आमचं रगत नेलं? त्यात मी ठणठणीत हाय म्हनून लिवलंय तुम्ही."

औषध म्हणजे फवारणीचं विष. आमच्याकडे द्राक्षावर, भाजीवर मारायच्या विषाला सगळे औषधच म्हणतात. ते पोत्यांतून पाकिटांत भरणारा एक कारखाना मिरजेच्या बाजूला होता, नाव सांगत नाही. आमच्या कॉलेजचंही सांगत नाही. तिथं भरणाऱ्या माणसांचं रक्त तपासायचा नियम होता आणि ते काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलं होतं. कचेरीतले चौघे धरून एकशे एकतीस माणसं होती. रक्त मी काढलं, फिरवून त्यातलं सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, मी वेगळं केलं, मोजलं मी आणि कागदावर सही केली तीही मीच. शैलजा आवटी, संशोधन सहायक, वय वर्षे सत्तावीस.

तपासणी सांगायला सोपी आहे. ते विष पोटात गेलं, अंगावर उडालं, नाकातून गेलं, तरी रक्तातलं एक एन्झाइम मारतं. जितकं विष अंगात, तितकं एन्झाइम कमी. आम्ही सीरममध्ये एक द्रव घालायचो. त्याला स्वतःचा उजेड नसतो. एन्झाइमनं त्याचे तुकडे केले की ते तुकडे अतिनील दिव्याखाली निळे चमकतात. यंत्र ती चमक मोजतं आणि काटा हलतो. काटा ऐंशीच्या वर गेला तर माणूस बरा. पन्नासच्या खाली राहिला तर त्याला त्याच दिवशी विषापासून बाजूला काढायचं आणि दुसऱ्या खात्यात काम द्यायचं, असा नियम.

मी वही उलटली. "वायदंडे हौसाबाई. एक्क्याण्णव. एकदम व्यवस्थित आहे तुमचं."

"मग मला दिसंना का झालंय? सुईत दोरा जाईना. तोंडाला पाणी सुटतंय ते उशी भिजतीया रातभर. ह्ये हात बघा."

हात कापत होते. मी बघितले आणि नाटक आहे म्हणून सोडून दिलं. सोडून दिलं कसलं, मनात हसले. आमच्या विभागप्रमुख केळुसकर सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की ही भरण खात्यातली माणसं हलकं काम मिळावं म्हणून काय वाट्टेल ते सांगतात.

"घरी आराम करा," मी म्हटलं.

"आठ दिस घरीच हुते. आता सायब म्हनतोय, तुझा कागद चांगला आलाय. सोमवारी सातला भरण खात्यात उभी ऱ्हा, न्हाईतर नाव कमी. आता तितं गेले तर मी काय परत उठत न्हाई, बाई. मला कळतंय ते."

"हे बघा, काटा खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

हे वाक्य सरांचं. ते रोज म्हणायचे. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं, की जणू मी जन्मल्यापासून तेच म्हणत आले होते.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वाईच पानी मिळंल का?"

टेबलावर माझा तांब्या होता, पेला होता. मी म्हटलं, "बाहेर नळ आहे."

त्या उन्हाळ्यात बाहेरचा नळ सकाळी तासभर यायचा आणि नऊला जायचा. हे मला माहीत होतं. ती गेली, नळाची चावी फिरवल्याचा आवाज मी आतून ऐकला आणि ती तशीच परत आली. पाण्याचं अवाक्षर काढलं नाही.

"परत करा," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत करा. माझ्यासमोर एक्क्याण्णव आलं तर मी गप जाते."

आता खरं सांगते. मी दयेनं तयार झाले नाही. तिचं तोंड बंद करायचं होतं मला. काटा एक्क्याण्णववर जाऊन थांबला की कशी बघेल माझ्याकडे, ते मला बघायचं होतं. मी दंडाला पट्टा आवळला तो गरजेपेक्षा जास्त आवळला. सुई टोचताना तिच्या डोळ्यांत बघितलं तर बाहुल्या मोहरीएवढ्या. पुस्तकात हे लक्षण पहिल्या ओळीत छापलेलं असतं, परीक्षेला मी ते लिहून मार्क घेतले होते. खिडकीतून ऊन येतंय म्हणून असतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि नळी भरून घेतली.

रक्त फिरायला लावलं. तेवढ्यात गुरवमामा धुतलेल्या नळ्यांचा स्टँड घेऊन आले.

गुरवमामा आमचे शिपाई. ऑक्टोबरात निवृत्त होणार होते. बत्तीस वर्षांत कपड्यांवर एक डाग पडू दिला नाही त्यांनी. सदरा बगळ्यासारखा पांढरा, टोपी तशीच. आमच्याकडे एक अतिनील दिव्याची पेटी होती, मुलांना चमक दाखवायला. मामा तिच्यासमोरून गेले, की त्यांची बाही निळी चमकायची. आम्ही हसायचो. मामा, तुम्ही स्वतःच एक प्रयोग झालात, असं सर म्हणायचे आणि मामांनाही त्याची गंमत वाटायची.

त्या दिवशीही बाही चमकली. हसलं कुणी नाही.

मी वरच्या फळीवरून स्टीलचा डबा काढला. त्याच्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या डब्यात होतं. मोजायच्या आधी यंत्राला शून्य कुठं आहे ते दाखवावं लागतं. त्यासाठी एका नळीत सगळं घालायचं, फक्त रक्त नाही. तिला ब्लँक म्हणतात. ब्लँकमध्ये कण जरी पडला तरी पुढचं सगळं मोजमाप बिघडतं, हे मी पहिल्या वर्षी शिकले आणि जरा जास्तच शिकले. मी एक कोरी नळी घेतली, ती मलमलीच्या फडक्यात गुंडाळून या डब्यात ठेवायला लागले. धुवायची मीच, तेही फक्त ऊर्ध्वपातित पाण्यानं. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मामा तर डबा काढला की दोन पावलं मागं सरायचे, गाभाऱ्यासमोर सरावं तसे. सरांनी तिचं नाव ठेवलं सोवळ्यातली नळी. मला त्या नावाचा अभिमान होता. इतकी स्वच्छ ब्लँक सबंध विद्यापीठात कुणाची नसेल, असं मी पाहुण्यांना सांगायची.

मी फडकं सोडलं, नळी भरली, यंत्रात ठेवली. काटा शून्यावर आणून सोडला. मग स्टँडमधली एक धुतलेली नळी हौसाबाईच्या सीरमसाठी उचलली.

"ती निराळी का?" तिनं विचारलं.

"कुठली?"

"ती फडक्यातली. आनि मला ह्यातली का?"

"ती ब्लँकची आहे. तिच्यात काही नसतं."

"काहीच नसतंय तर तिला येवढं मखर कशाला? आनि माझं रगत हाय तर त्याला धुवून वापरल्याली नळी व्हय?"

"बाई, हे शास्त्र आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"समजावून सांगा की मग."

मी दात आवळून सांगितलं. ही नळी शुद्ध राहिली पाहिजे. शून्य म्हणजे शून्यच आलं पाहिजे. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहून ऐकत होती. खुर्ची मी अजून दिली नव्हती.

"मग माझं रगत बी तिच्यातच घाला."

"नाही घालता येणार."

"का?"

"ती सोवळ्यातली आहे."

चार वर्षं रोज बोललेला शब्द तोंडून गेला. मामांनी मान खाली घातली. मलाही कानामागं गरम लागलं, पण मागं घेईन ती मी कसली.

हौसाबाई चिडली नाही. आवाजसुद्धा चढवला नाही तिनं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"माझी आई पाटलाच्या अंगनात शेण काढायची," ती म्हणाली. "तिची कपबशी निराळी हुती. वळचनीला खोचल्याली. च्या झाला की तिनंच इसळून परत तितंच खोचायची. मी ल्हान हुते, तवा मी इचारलं, आये, आपला च्या गोड हाय का त्येंचा? ती म्हनली, मला काय ठावं, त्येंच्या कपातनं मी कवा प्याले? ह्ये तसंच झालं, बाई. त्या नळीचं तुमाला ठावं, ह्या नळीचं न्हाई ठावं. एक तर दोगास्नी धुतल्याली द्या, न्हाईतर दोगास्नी सोवळ्यातली द्या."

मला कुणी शिकवलेलं खपत नाही. त्यातून सातवी-आठवीही न शिकलेल्या बाईनं मोजमाप शिकवायचं, आणि तेही मामांसमोर. मी म्हटलं, "ठीक आहे. दोन्हीत घालते. होऊन जाऊ दे."

ब्लँक ओतून टाकली. सोवळ्यातली नळी पाण्यानं तीनदा धुतली, तिच्यात हौसाबाईचं सीरम घातलं. धुतलेल्या नळीतही तेवढंच घातलं. दोन्हीत द्रव घातला, दोन्ही कोमट पाण्यात ठेवल्या. दहा मिनिटं थांबायचं असतं. आम्ही तिघं घड्याळाकडे बघत बसलो. म्हणजे मी बसले, ती दोघं उभी. मधेच तिनं दोनदा पदर तोंडाला लावला. पदर भिजून गळ्याला चिकटला होता.

आधी धुतलेली नळी ठेवली. काटा सरसर वर गेला. नव्वद.

"बघा," मी म्हटलं. माझ्या आवाजातला तो आनंद मला अजून ऐकू येतो. त्याची मला आजही किळस येते.

मग सोवळ्यातली ठेवली. काटा थोडा उठला आणि थांबला. बावीस.

मी यंत्राला टिचकी मारली. नळी काढली, पुसली, पुन्हा ठेवली. बावीस. एकाच बाईचं एकच रक्त, एका नळीत मरणाच्या दारात आणि दुसऱ्या नळीत ठणठणीत. मी स्टँडमधली आणखी एक धुतलेली नळी घेतली, तिच्यात नुसतं पाणी घातलं आणि ठेवली. रक्त नाही, द्रव नाही, काही नाही. काटा अडुसष्टवर गेला.

मग मी उठले, सगळा स्टँडच उचलला आणि दिव्याच्या पेटीत ठेवून बटण दाबलं. चाळीस रिकाम्या नळ्या निळ्या चमकायला लागल्या. पेटीचं दार धरायला मामा पुढं झाले होते. त्यांची बाही तशीच चमकत होती. तोच निळा रंग.

"मामा, नळ्या कशानं धुता?"

"पावडरनं, ताई."

"कसली पावडर?"

"घरनं आणलेली. कपडे धुवायची. आमची मंडळी वापरते ती, पांढऱ्याला चांगली." ते घाबरले होते. "विसळायला पाणी न्हवतं, ताई. एकाच बादलीत काढाव्या लागत हुत्या."

कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून त्या पावडरीत जे घालतात, ते अतिनील दिव्याखाली निळं चमकतं. आमच्या द्रवाच्या तुकड्यांसारखंच. नळी नीट विसळली नाही तर ते आत राहतं आणि यंत्र त्यालाच एन्झाइम समजतं. मी ब्लँकसुद्धा त्याच स्टँडमधल्या नळीत ठेवली असती, तर पहिल्या दिवशी पहिल्या मिनिटाला काटा भडकला असता. पण माझी ब्लँक सोवळ्यात. तिचं शून्य एकदम पवित्र, आणि सगळा मळ माणसांच्या रक्ताच्या नावावर. एकशे एकतीस माणसं, आणि एकही खाली नाही. त्याचा मला संशय यायला हवा होता. कारखान्याच्या कचेरीतले चौघे तर दीडशेच्या वर गेले, तेव्हा सर आणि मी हसलो होतो, तुपावर वाढलेले दिसतात म्हणून. ते चौघेच तेवढे निरोगी होते.

"म्हंजे मी खोटी न्हवते," हौसाबाई म्हणाली.

तिला आधी खुर्ची दिली ती मामांनी. मी नाही. मी अजून पेटीसमोरच उभी होते.

केळुसकर सर साडेअकराला आले. शनिवारी ते उशिरा यायचे आणि लवकर जायचे. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः एक नळी पेटीत धरून बघितली. माणूस हुशार होता, दोन मिनिटांत कळलं त्यांना. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"कोणी धुतल्या?"

"मी, साहेब," मामा म्हणाले.

"काचेचा साबण असतो ना आपला? तो का नाही वापरला?"

"संपला हुता."

"मग मागायचा."

"मागितला हुता, साहेब."

"कोणाकडे?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. एक क्षणभर. मग ते फरशीकडे बघायला लागले.

"आठवत न्हाई, साहेब," ते म्हणाले.

सरांना तेवढंच हवं होतं. "म्हणजे शिपायाचा निष्काळजीपणा. आवटी, यांना मेमो काढा. मी कारखान्याला कळवतो, की काही तांत्रिक कारणानं पुन्हा रक्त घ्यावं लागेल. पुढच्या महिन्यात, सुट्टी संपल्यावर. बोभाटा करायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आनि सोमवारी सातला मी कुठं उभी ऱ्हाऊ?" हौसाबाईनं खुर्चीतूनच विचारलं.

सरांनी तिच्याकडे पहिल्यांदा बघितलं. "ही कोण? आत कशी आली?" मग मला म्हणाले, "ते कारखाना बघेल. आपलं काम आकडा देणं."

माझ्या डोक्यात काय झालं ते नीट सांगता येत नाही. राग आला, पण तो नेमका कुणाचा होता, ते कळायला मला थोडा वेळ लागला. मामांचं ते 'आठवत न्हाई' कानात घुमत होतं. त्यांना सगळं आठवत होतं, तारखेसकट.

मार्चमध्ये ते माझ्याकडे आले होते. ताई, नळ्यांचा साबण संपलाय, चिठ्ठीवर सही पाहिजे. मी म्हटलं, बघते. चार दिवसांनी पुन्हा आले, मी म्हटलं, सांगितलं ना बघते. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी काटा वाचत होते, माझा आकडा चुकला आणि मी उसळले. "मामा, घरी भांडी-कपडे धुता ना कशानं तरी? तेच आणा आणि भागवा. सारखं सारखं माझं डोकं खाऊ नका." ते बरं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी घरून पावडर घेऊन आले. स्वतःच्या घरातली. आणि आता निवृत्तीला पाच महिने राहिले असताना मेमो झेलायला उभे होते, मला वाचवायला. मी त्यांच्या पोरीच्या वयाची होते म्हणून असेल. मी त्यांना साधं विचारलंही नव्हतं कधी, की मामा, पावडर कसली आणलीत.

"मला मागितला होता," मी म्हटलं. "तीनदा. मीच म्हटलं, घरून काहीतरी आणा."

"ताई, असू द्या," मामा पुटपुटले.

"काय असू द्या? तुम्ही गप्प बसा, मामा. खोटं बोलता येत नाही तर बोलता कशाला?" मी त्यांच्यावरही ओरडले. रागात मी कुणाला सोडत नाही. मग सरांना म्हटलं, "मेमो माझ्या नावानं काढा. आणि पुढचा महिना नाही. कारखाना दोनपर्यंत उघडा असतो. सगळे एकशे एकतीस निकाल चुकीचे आहेत, नवीन तपासणी होईपर्यंत एकालाही भरण खात्यात पाठवू नका, हे पत्र आज जाईल."

"विभागाच्या कागदावर?"

"विभागाच्या कागदावर. सही माझी आहे पहिल्या कागदांवर, यावरही माझीच असेल."

"आवटी, डोकं थंड करा आणि ऐका. हे पत्र बाहेर गेलं, तर या यंत्राच्या एकाही आकड्यावर उद्या कोणी विश्वास ठेवणार नाही. तुमच्या चार वर्षांच्या कामावरसुद्धा."

"ठेवूच नये, सर."

"मग तुम्हालाही इथं ठेवता येणार नाही मला."

"नका ठेवू."

कार्बन घालून मी तीन प्रती लिहिल्या. हात इतका दाबला जात होता, की तिसऱ्या प्रतीवरही अक्षर पहिल्यासारखंच काळं उठलं. पावडर, नळ्या, माझं मामांना बोललेलं वाक्य, सगळं लिहिलं. एक प्रत कारखान्याला, एक कारखाने निरीक्षकाच्या कचेरीला, एक हौसाबाईच्या हातात. तिच्या प्रतीवर खाली वेगळं लिहिलं, की हिचा खरा आकडा बावीस आहे आणि हिला आजच डॉक्टरला दाखवायला हवं. सर निघून गेले. कारखान्याची प्रत मामा स्वतः सायकलवर घेऊन गेले, त्या उन्हात, टोपी सारखी करून.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लोक विचारतात. आठवड्याच्या आत पुन्हा रक्त घेतलं, कोऱ्या नळ्यांत. एकशे एकतीसपैकी अठ्ठेचाळीस माणसं पन्नासच्या खाली निघाली. भरण खात्यातला एक जण माझ्या कागदावर विश्वास ठेवून पंधरवडाभर काम करत राहिला होता आणि सिव्हिलला दाखल झाला होता. तो वाचला. हौसाबाईला खोक्यांच्या खात्यात घेतलं. मामा ऑक्टोबरात हारतुरे घेऊन निवृत्त झाले, मेमोशिवाय. मला दिवाळीच्या आधी निरोप मिळाला. पुढं मी दुसरीकडे नोकरी केली, पुष्कळ वर्षं केली, आणि लोक मला धाडसी म्हणायचे. या पत्राची गोष्ट सांगितली की मान डोलवायचे. मीही बरीच वर्षं ही गोष्ट इथंच संपवायची.

ती तिथं संपत नाही. पत्र हातात दिल्यावर खोलीत आम्ही दोघीच उरलो होतो. हौसाबाईनं कागदाची घडी केली, पदराच्या गाठीत बांधली आणि खुर्चीच्या हाताला धरून उठली. मी तिच्यासमोर गेले. माफी मागायची मला सवय नाही, तरी मागितली.

"हौसाबाई, माझं चुकलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या मोहरीएवढ्या बाहुल्यांतून तिला माझा चेहरा कितपत दिसत होता कुणास ठाऊक.

"नळीचं व्हय? ते चुकतंय, बाई. मानसाचं चुकतंय. आमचं बी पाकिटात कमीजास्त पडतंय." मग जरा थांबून ती म्हणाली, "पर मला खोटी म्हनालासा, ते काय चुकून न्हवतं."

मी टेबलापाशी गेले, तांब्यातलं पाणी माझ्या पेल्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं.

तिनं पेल्याकडे बघितलं, मग दाराबाहेर, नळाकडे.

"असू द्या," ती म्हणाली. "यष्टी चुकंल माझी."

भिंतीचा आधार घेत घेत ती व्हरांड्यातून गेली. मी पेला धरून उभी होते.